नैसर्गिक मृत्यू कोणी ठरवायचा? कारागृहातील मृत्यूंच्या चौकशीविषयी एक संवाद

कारागृहात झालेला मृत्यू इतर मृत्यूंहून एका बाबतीत मुळातच वेगळा असतो. मरण्यापूर्वीच्या काळात तो माणूस काय खात होता, कोणत्या बराकीत झोपत होता, छातीत दुखत असल्याचे त्याने कोणाला सांगितले आणि त्यानंतर किती वेळाने त्याला डॉक्टरांसमोर नेले गेले, या सर्व गोष्टी राज्यसंस्थेच्या ताब्यात असतात, आणि त्यांचा पुरावाही तिच्याच दप्तरात असतो. म्हणून अशा मृत्यूची खबर कोणी कोणाला द्यावी, चौकशी कोणी करावी आणि निष्कर्षांचे पुढे काय व्हावे, याचे नियम भारतात सव्वाशेहून अधिक वर्षांच्या काळात एकावर एक रचले गेले आहेत. ते पुरेसे आहेत की केवळ पुष्कळ आहेत, यावर जाणत्या लोकांतही मतभेद आहे. पुढील संवादात हा मतभेद दोन कल्पित व्यक्तींच्या मुखाने मांडला आहे : एक, राज्याच्या कारागृह सेवेतून निवृत्त झालेले अधीक्षक, दुसऱ्या, मृत बंद्यांच्या नातेवाइकांची बाजू उच्च न्यायालयात मांडणाऱ्या ज्येष्ठ वकील.

अधीक्षक : कारागृहातील मृत्यू दडपले जातात हा समज आधी तपासून घेतला पाहिजे, मॅडम, कारण या देशात इतक्या ठिकाणी नोंदवला जाणारा दुसरा मृत्यू क्वचितच सापडेल. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला त्याच वर्षी, म्हणजे १४ डिसेंबर १९९३ रोजी, आयोगाने सर्व राज्यांना कळवले की कोठडीतील प्रत्येक मृत्यूची खबर २४ तासांच्या आत आयोगाला मिळाली पाहिजे, आणि ती वेळेत न मिळाल्यास घटना दडपण्याचा प्रयत्न झाला असे गृहीत धरले जाईल. हा नियम केवळ पोलिस कोठडीपुरता नसून न्यायालयीन कोठडीलाही, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने कारागृहात ठेवलेल्या बंद्यालाही, लागू आहे, हे आयोगाने १९९५ साली स्पष्ट केले. याशिवाय दंडाधिकाऱ्यासमक्ष मरणोत्तर पंचनामा, म्हणजे मृतदेहावरील खुणा व परिस्थिती यांची लेखी नोंद, होतो, शवविच्छेदन होते, उपचारांची कागदपत्रे, व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी राखून ठेवलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा अहवाल आणि चौकशी अहवाल आयोगाकडे जातात, आणि वर्षनिहाय अहवालात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्या मृत्यूची आकडेवारी प्रसिद्ध करतो.

वकील : खबर वेगाने जाते, याविषयी वाद नाही, साहेब. मात्र खबर देणे आणि मृत्यूचा उलगडा करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले काम नीट होते म्हणून दुसरेही होत असावे असे मानण्याची चूक या व्यवस्थेत वारंवार होते. २०२२ सालची देशाची आकडेवारी पाहावी : कारागृहांत एकूण १,९९५ बंदी मरण पावले, त्यांपैकी १,७७३ मृत्यू नैसर्गिक, १५९ अनैसर्गिक, आणि उरलेल्या मृत्यूंचे कारण प्रसिद्धीपर्यंत ठरलेले नव्हते. अनैसर्गिक या वर्गात आत्महत्या, खून, मारहाण, अपघात असे मृत्यू येतात. नैसर्गिक या वर्गात आजार आणि वार्धक्य. दर दहा मृत्यूंपैकी जवळजवळ नऊ मृत्यू ज्या रकान्यात पडतात, त्या रकान्याचा निर्णय कोण घेतो आणि कशाच्या आधारावर घेतो, हा खरा प्रश्न आहे, कारण पुढचे जवळजवळ सर्व काही त्या एका निर्णयावर अवलंबून असते.

अधीक्षक : निर्णय डॉक्टर घेतात. त्यात कारागृह प्रशासनाचा संबंध येतो कोठे?

वकील : निर्णयाला लागणारी माहिती जेथून येते तेथे तो येतो. शवविच्छेदन करणारा डॉक्टर हृदयातील अडथळा पाहू शकतो. रात्री दोन वाजता बराकीतून हाका मारल्या गेल्या आणि पहाटे सहापर्यंत कुलूप उघडले नाही, हे त्याला मृतदेहावर दिसत नाही. शिवाय मृत्यूच्या प्रमाणपत्रांत हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू, असे शब्द अनेकदा आढळतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते मृत्यूचे कारण नव्हे, मृत्यू ज्या रीतीने घडतो ती रीत आहे. हृदय तर प्रत्येकाचेच थांबते. मूळ कारण म्हणजे ज्या आजाराने किंवा इजेने ही साखळी सुरू केली ते. ते लिहिले नाही की क्षयाने खंगलेला, उपचाराविना राहिलेला आणि आत मार बसलेला, असे तिन्ही बंदी कागदावर एकसारखे दिसतात.

येथे त्या एका निर्णयाचे परिणाम स्पष्ट केले पाहिजेत. २३ जून २००६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७६ (१ अ) आले आणि पोलिस कोठडीत किंवा न्यायालयाने अधिकृत केलेल्या अन्य कोठडीत मृत्यू झाल्यास पोलिस तपासाव्यतिरिक्त न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी सक्तीची झाली. त्यापूर्वी ही चौकशी कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे सामान्यतः महसूल प्रशासनातील अधिकारी, करीत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम १९६ मध्ये आहे. मृतदेह शक्यतो २४ तासांत जिल्हा शल्यचिकित्सकाकडे किंवा शासनाने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावा आणि शक्य तेथे नातेवाइकांना कळवून त्यांना चौकशीच्या वेळी हजर राहू द्यावे, असेही त्यात सांगितले आहे. परंतु कायद्याच्या या सरसकट शब्दांना व्यवहारात वर्गवारीची चाळणी लागली. मानवी हक्क आयोगानेच २०१० साली अशी भूमिका घेतली होती की घातपाताचा वाजवी संशय असेल तेथेच न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी आवश्यक आहे आणि आजाराने झालेल्या मृत्यूंची चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याने केली तरी चालेल. शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाबाबतही आयोगाने २००१ साली कारागृहातील मृत्यूंपुरती अशीच मर्यादा घातली : संशय किंवा तक्रार असेल तरच चित्रीकरण. म्हणजे संशय आहे की नाही हे ज्या चौकशीतून कळायचे, त्या चौकशीची खोली संशयाच्या आरंभीच्या नोंदीवरून ठरते.

अधीक्षक : या मर्यादेमागचे कारण व्यावहारिक आहे, आणि त्याला पळवाट म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजारो खटले पडून आहेत, त्याने मूत्रपिंडाच्या जुन्या विकाराने रुग्णालयात दोन महिने दाखल असलेल्या सत्तर वर्षांच्या शिक्षाबंदीच्या मृत्यूसाठी पंचवीस साक्षीदार तपासावेत काय? तसे केले तर ज्या पाच मृत्यूंची खरोखर कसून चौकशी व्हायला हवी, त्यांनाही इतरांइतकाच वरवरचा वेळ मिळेल. दुसरे असे की आकड्यांकडे प्रमाणात पाहिले पाहिजे. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. म्हणजे मृत्यूचे प्रमाण हजारी साडेतीनच्या आसपास येते, आणि देशाचा सर्वसाधारण मृत्युदर हजारी सहाच्या घरात आहे. बाहेरच्या समाजापेक्षा आत कमी माणसे मरतात, असे या हिशेबाने दिसते.

वकील : हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. देशाच्या मृत्युदरात तान्ही मुले आणि ऐंशी वर्षांचे वृद्ध येतात. कारागृहात बहुसंख्य माणसे अठरा ते पन्नास या वयातली असतात. ज्या वयात माणसे सहसा मरत नाहीत, त्या वयाच्या समूहाचा दर संपूर्ण लोकसंख्येच्या दराशी ताडून पाहिला तर समाधान मिळते, पण माहिती मिळत नाही. वयोगट जुळवूनच तुलना केली पाहिजे. शिवाय जो बंदी अखेरच्या अवस्थेत वैद्यकीय कारणासाठी जामिनावर सुटतो आणि आठवड्याने घरी मरतो, तो या १,९९५ मध्ये येतच नाही. आजार आतला, मृत्यू बाहेरचा. राहिला प्रश्न सत्तर वर्षांच्या वृद्धाचा. त्याच्यासाठी पंचवीस साक्षीदार नकोत, हे मान्य. परंतु त्याला डायलिसिसच्या किती तारखा दिल्या होत्या आणि त्यांपैकी किती तारखांना तो प्रत्यक्ष रुग्णालयात पोहोचला, एवढे दोन आकडे तरी कोणी तरी बाहेरच्या माणसाने वाचायला नकोत काय?

अधीक्षक : ते आकडे वाचले तर दोष कारागृहाचा निघणार नाही. बंद्याला रुग्णालयात नेण्यासाठी पोलिसांचा बंदोबस्त लागतो. तो जिल्हा पोलिस दलाकडून येतो, आणि गणेशोत्सव, निवडणूक किंवा मोर्चा असला की सर्वांत आधी तोच रद्द होतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहतात, कारण कारागृहात नोकरी करायला डॉक्टर राजी नसतात. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत क्षमतेच्या १३१ टक्के बंदी होते, आणि त्यांतील तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे न्यायाधीन बंदी, होते. त्यांना आत पाठवणारे न्यायालय आणि आत ठेवायला सांगणारा तपासी अधिकारी दोघेही बाहेर असतात. मृत्यू झाल्यावर मात्र कारणे दाखवा नोटीस येते ती तुरुंगाधिकाऱ्याला.

वकील : तक्रार रास्त आहे, आणि म्हणूनच चौकशीचा प्रश्न बदलला पाहिजे. आज चौकशी विचारते : हा माणूस कशाने मेला आणि कोणी मारला काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले की फाइल बंद होते. बंदोबस्त न आल्यामुळे चुकलेली तारीख, रिकामी जागा, तिप्पट भरलेली बराक, यांपैकी काहीच त्या उत्तरात बसत नाही, कारण त्यांनी कोणाला मारलेले नसते. फाइल बंद झाल्याने अधीक्षक वाचतो खरा. पण ज्या अडचणींविषयी तो वर्षानुवर्षे वरिष्ठांना लिहीत असतो, त्या अडचणींचा सर्वांत ठोस पुरावाही त्याच फाइलीत गाडला जातो.

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०१७ च्या निकालात बोट ठेवले होते. माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी २०१३ साली १,३८२ कारागृहांतील परिस्थितीविषयी पाठवलेल्या पत्रावरून हे प्रकरण सुरू झाले होते. न्या. मदन लोकूर व न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने २०१२ ते २०१५ या काळातील अनैसर्गिक मृत्यूंबाबत उच्च न्यायालयांनी स्वतःहून जनहित याचिका नोंदवाव्यात व वारसांना भरपाई द्यावी, असा आदेश दिला. त्याच निकालात नैसर्गिक व अनैसर्गिक ही विभागणी अस्पष्ट असल्याचेही न्यायालयाने नोंदवले : योग्य किंवा वेळेवर उपचार न मिळाल्याने झालेला मृत्यू कोणत्या वर्गात धरायचा, हे गुन्हे नोंद विभागाने स्पष्ट करावे, असे पीठाचे म्हणणे होते.

अधीक्षक : उपचार वेळेवर मिळाले नाहीत, हे मृत्यूनंतर ठरवणे नेहमीच सोपे असते, कारण तोवर शेवट माहीत झालेला असतो. दररोज सकाळी पन्नास बंदी छातीत किंवा पोटात दुखत असल्याचे सांगतात. त्यांतील काहींना बाहेरची हवा हवी असते, काहींना तारीख टाळायची असते, आणि एखाद्याला खरोखर झटका येणार असतो. एकच डॉक्टर आणि एकच रुग्णवाहिका असताना त्या एकाला ओळखण्यात चूक झाली, तर तिला निष्काळजीपणा म्हणावे काय?

वकील : चूक होती की निष्काळजीपणा, हे ठरवण्यासाठीही क्रम लागतो : प्रथम तक्रार कधी, तपासणी कधी, औषध कोणते, रुग्णालय कधी. गंमत अशी की हा क्रम मागण्यासाठी नवा कायदा करण्याची गरजच नाही. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचे कलम १५ पाहावे.

त्या कलमाचा आशय जाणून घेण्यासारखा आहे. बंदी मरण पावल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याने नोंदवहीत कोणते तपशील लिहावेत, याची यादीच त्यात दिली आहे : मृताने आजाराची तक्रार प्रथम कोणत्या दिवशी केली किंवा तो आजारी असल्याचे प्रथम कधी लक्षात आले, त्या दिवशी तो कोणत्या श्रमाच्या कामावर होता, त्या दिवशीचा त्याचा आहार किती होता, त्याला रुग्णालयात कधी दाखल केले, वैद्यकीय अधिकाऱ्याला आजाराची माहिती प्रथम कधी मिळाली, आजाराचे स्वरूप काय होते, मृत्यूपूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्याच्या सहायकाने त्याला शेवटचे कधी पाहिले, मृत्यू कधी झाला, आणि शवविच्छेदन झाले असल्यास त्यात काय आढळले. वसाहतकालीन कायदा बंद्याच्या हक्कांसाठी केलेला नव्हता. कैद्याकडून किती श्रम घेता येतात आणि रोगराई बराकीत पसरते काय, ही त्याची काळजी होती. तरीही, आजार पहिल्यांदा दिसल्यापासून डॉक्टर पहिल्यांदा पोहोचेपर्यंत किती वेळ गेला, हे मोजण्याची सोय या यादीत आहे. आजच्या वार्षिक आकडेवारीत ते अंतर कोठेच दिसत नाही. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांनी यात आणखी एक अट घातली : कोठडीतील प्रत्येक मृत्यूची खबर कारागृह प्रशासनापासून स्वतंत्र असलेल्या अधिकाऱ्याला विनाविलंब द्यावी आणि त्याने तत्पर, निःपक्षपाती व परिणामकारक तपास करावा.

अधीक्षक : नोंदवह्या आजही असतात. परंतु नोंद खरी लिहिली जाण्यासाठी लिहिणाऱ्याला थोडी निर्धास्तता लागते. रात्री अकरा वाजता तक्रार आली आणि डॉक्टर एक वाजता आले, असे लिहिणारा शिपाई उद्या आरोपी होणार असेल, तर तो तक्रारीची वेळही एक वाजताचीच लिहील. प्रत्येक मृत्यूत गुन्हेगार शोधायचा ठरवले की कागद आधीच सावध होतात, आणि सावध कागदांतून कोणी काही शिकत नाही.

वकील : मग २०१७ चे भायखळा कसे समजून घ्यायचे? त्या वर्षी २३ जून रोजी मुंबईच्या भायखळा महिला कारागृहातील एका शिक्षाबंदी महिलेचा मृत्यू झाला. बंद्यांमधूनच नेमलेली ती वॉर्डर होती, आणि शिध्यातील अंडी व पाव कमी पडल्यावरून झालेल्या वादानंतर तिला बेदम मारहाण झाल्याचा आरोप सहबंदी महिलांनी केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारागृहात उठाव केला. त्याबद्दल सुमारे दोनशे बंदी महिलांवर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. नंतर कारागृहातील सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. साक्षीदारांची स्थिती लक्षात घ्यावी : ज्या संस्थेविरुद्ध साक्ष द्यायची, तिच्याच कुलपाआड त्यांना रोज झोपायचे होते. अशा ठिकाणी निर्धास्तता नोंद लिहिणाऱ्याला हवी की साक्ष देणाऱ्याला?

अधीक्षक : दोघांनाही हवी. पण त्या प्रकरणात अटक झाली, हेही विसरू नये. व्यवस्था चालली.

वकील : उठाव झाल्यावर चालली. परभणीचे प्रकरण याहून बोलके आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या हिंसाचारात अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. आरंभी हृदयविकाराचे कारण सांगितले गेले. शवविच्छेदनात अंगावरील अनेक जखमांचा उल्लेख आला. दंडाधिकाऱ्याच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. आणि तरीही गुन्हा नोंदवण्याचा आदेश ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून मिळवावा लागला; त्याविरुद्ध राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच महिन्यात तेथेही तो आदेश कायम राहिला. कलम १९६ चौकशी करायला सांगते, पण अहवाल आल्यावर कोणी, किती दिवसांत, काय करायचे याविषयी मौन पाळते. ही पोकळी नातेवाइकांना स्वतःच्या पायांनी भरावी लागते.

अधीक्षक : त्या पोकळीविषयी दुमत नाही. अहवालाची प्रत नातेवाइकांना आणि संबंधित कारागृहाला, दोघांनाही, ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे. आजची स्थिती अशी की ज्या अधीक्षकाच्या कारागृहात मृत्यू झाला, त्यालाही आयोगाचा शेवटचा अभिप्राय काय आला हे कळेपर्यंत त्याची बदली झालेली असते. पण परभणी आणि भायखळा हे गुन्ह्याचे प्रश्न आहेत. त्यांना फौजदारी तपासच हवा. उरलेल्या सतराशे मृत्यूंसाठी तेच हत्यार उगारले, तर ते बोथट होईल.

वकील : फादर स्टॅन स्वामी यांचा मृत्यू या दोहोंपैकी कोणत्या वर्गात बसतो? त्र्याऐंशी वर्षांचे, कंपवाताचे रुग्ण असलेले हे जेझुइट धर्मगुरू ऑक्टोबर २०२० मध्ये अटकेनंतर तळोजा मध्यवर्ती कारागृहात आले. पाणी पिण्यासाठी नळी व पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. मे २०२१ अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्यातील खासगी रुग्णालयात हलवले गेले. आणि ५ जुलै २०२१ रोजी, जामीन अर्जाच्या सुनावणीच्या वेळी, त्यांच्या निधनाची माहिती न्यायालयाला देण्यात आली. कोणी मारहाण केल्याचा आरोप येथे नाही. मृत्यू रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला. वैद्यकीय कारण आजारच निघणार. प्रश्न आहे तो आधीच्या आठ महिन्यांचा, आणि त्या महिन्यांसाठी चौकशीच्या नमुन्यात रकानाच नाही.

अधीक्षक : त्या आठ महिन्यांत जामीन नाकारण्याचा अधिकार अधीक्षकाकडे नव्हता. न्यायालयीन निर्णयाचा मृत्यूशी संबंध जोडायचा असेल, तर तो जोडणारा अधिकारी कोण? दंडाधिकारी वरिष्ठ न्यायालयाच्या आदेशाची चिकित्सा करू शकत नाही.

वकील : म्हणूनच दोष ठरवण्यापासून वेगळी अशी दुसरी वाट हवी. इंग्लंड व वेल्समध्ये २००४ पासून कारागृहातील प्रत्येक मृत्यूची, नैसर्गिक मृत्यूचीही, तपासणी कारागृह विभागाबाहेरचा लोकपाल करतो. त्यासोबत मृताला मिळालेले उपचार बाहेरच्या समाजातील रुग्णाला मिळाले असते त्या तोडीचे होते काय, याचे स्वतंत्र वैद्यकीय परीक्षण होते. पुन्हा असा मृत्यू होऊ नये म्हणून काय करावे हे मृत्यूची चौकशी करणारा न्यायाधिकारी, म्हणजे कॉरोनर, संबंधित संस्थेला लेखी कळवतो, आणि संस्थेला ५६ दिवसांत उत्तर द्यावे लागते. अहवाल प्रसिद्ध होतात.

अधीक्षक : आणि तरीही तेथे दरवर्षी शेकडो माणसे कारागृहांत मरतात, आणि त्याच त्या शिफारशी पुन्हा पुन्हा लिहिल्या जातात, अशी टीका तेथलेच लोक करतात. शिफारस लिहिल्याने वॉर्डर वाढत नाही.

वकील : शिफारशी पुन्हा लिहिल्या जातात हे कळते, कारण त्या प्रसिद्ध असतात. दुर्लक्ष मोजता येणे हाही एक लाभ आहे. आणि ही पद्धत अगदी परकी आहे असेही नाही. १८७१ च्या कॉरोनर अधिनियमानुसार मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कॉरोनर होता, आणि कारागृहात मरण पावलेल्या बंद्याच्या मृत्यूची चौकशी हे त्याच्या कामांत स्पष्टपणे मोडत असे. संशय आहे की नाही, ही अट तेथे नव्हती.

अधीक्षक : दोन वाटा करायच्या तर त्यांच्यात भिंत हवी. शिकण्यासाठी दिलेला जबाब शिक्षेसाठी वापरला जाणार नाही, ही हमी नसेल तर कोणी खरे बोलणार नाही.

वकील : जबाबापुरती हमी देता येईल, नोंदवहीपुरती नाही. नोंदवही हा सार्वजनिक दस्तऐवज आहे, आणि बंदी राज्याच्या ताब्यात असल्याने त्याच्या मृत्यूचा खुलासा राज्यानेच करायचा असतो. नीलाबती बेहरा खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतील मृत्यूसाठी दीड लाख रुपयांची भरपाई देताना हेच सूत्र लावले होते.

अधीक्षक : भरपाईचा विषय निघालाच आहे, तर महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या धोरणाचे श्रेय दिले पाहिजे. कामावरील अपघात, वैद्यकीय निष्काळजीपणा, कर्मचाऱ्यांची मारहाण किंवा बंद्यांमधील मारामारी यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख रुपये, आत्महत्या असल्यास एक लाख रुपये. यात वैद्यकीय निष्काळजीपणा स्वतंत्रपणे मानला आहे. म्हणजे २०१७ च्या निकालातील प्रश्नाला राज्याने निदान एक उत्तर दिले.

वकील : उत्तर चांगले आहे, पण त्याने वर्गवारीचे वजन आणखी वाढवले. वार्धक्याने किंवा दीर्घ आजाराने मृत्यू झाल्यास या धोरणात भरपाई नाही. म्हणजे दीर्घ आजार आणि दीर्घ आजाराकडे दीर्घकाळ झालेले दुर्लक्ष यांतील सीमारेषा आता पाच लाख रुपयांची झाली, आणि प्रस्तावाची सुरुवात होते ती संबंधित कारागृहाच्या अधीक्षकाच्या प्राथमिक चौकशीने. उपचारात हयगय झाली हे ज्याने प्रथम लिहायचे, त्याच्याच अखत्यारीत उपचार झालेले असतात.

अधीक्षक : अधीक्षक नाही तर प्राथमिक चौकशी कोणी करायची? मृत्यूच्या पहिल्या तासात तेथे दुसरे कोणी नसते.

वकील : तथ्ये त्यानेच जमवावीत : वेळा, औषधे, बंदोबस्तासाठी केलेली मागणी, तिला आलेले उत्तर. नैसर्गिक हा शब्द मात्र त्याने लिहू नये.

वादाचा प्रवास येथवर पाहिला की दोन्ही पक्षांतील अंतर आरंभी वाटले त्यापेक्षा पुष्कळ कमी झालेले दिसते. गुन्ह्याचा संशय असलेल्या मृत्यूंसाठी न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी, आणि तिचा अहवाल आल्यावर पुढील कारवाईची निश्चित मुदत, हे दोघांनाही मान्य आहे. सर्व मृत्यूंसाठी, आजाराने झालेल्या मृत्यूंसाठीही, दोष ठरवण्यापासून अलग अशी एक तपासणी असावी. तिने कलम १५ मधील घटनाक्रमच हाती घ्यावा. कारागृहाशी संबंध नसलेल्या डॉक्टरने तो वाचावा. आणि बंदोबस्त, रिकाम्या जागा, जामिनाला लागलेला काळ यांसारखी कारणे नावे वगळून दरवर्षी प्रसिद्ध व्हावीत, येथवरही अधीक्षकांना यायला हरकत नाही, कारण अशा तपासणीत त्यांच्या जुन्या तक्रारींना प्रथमच पुरावा मिळतो.

न मिटलेला मतभेद एकच आहे, आणि तो तपशिलाचा नाही. अधीक्षकांच्या मते कारागृहाच्या डॉक्टरचा पहिला अभिप्राय ग्राह्य धरून पुढे गरज पडल्यास तो बदलावा, कारण प्रत्येक मृत्यू संशयित मानणारी व्यवस्था आपल्याच माणसांवर अविश्वास दाखवते आणि त्यांना सावध लिहायला शिकवते. वकिलांच्या मते बाहेरच्या वाचनापर्यंत वर्गाचा रकाना कोराच राहिला पाहिजे. या दुसऱ्या मताकडे अधिक बळ आहे, आणि ते अविश्वासातून आलेले नाही. स्वतःच्या कामाचे गुणांकन स्वतः करू नये, हा संकेत परीक्षकापासून लेखापालापर्यंत सर्वांना लागू असतो. तो पाळायला लावण्यात कोणाचा अपमान मानला जात नाही. कोऱ्या रकान्याची किंमत म्हणजे काही आठवड्यांचा विलंब आणि एका डॉक्टरचे काही तास. तो आधीच भरलेला असला तर चौकशीची खोली, चित्रीकरण, भरपाई आणि नातेवाइकांना मिळणारे उत्तर हे सर्व त्याच क्षणी ठरून जाते. जोवर हा रकाना ताबा असलेल्या संस्थेच्या माहितीवर भरला जातो, तोवर १,७७३ नैसर्गिक मृत्यू हा आकडा मृत्यूंविषयीची माहिती म्हणून वाचता येणार नाही; ते त्या संस्थेचे स्वतःविषयीचे मत आहे, असे समजूनच तो वाचावा लागेल.